पाण्याच्या पिंपाशेजारची खुर्ची

समारंभाचे अध्यक्ष असलेले आमच्या कार्यालयाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज कचेरीचा निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, आणि चहा आल्याशिवाय न हलण्याच्या निर्धाराने बसलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्ष आत्ताच म्हणाले, सरकारी कचेरीत सगळ्या थरांतली माणसं दिसली की देश एक होतो, पुढे जातो. टाळ्या मीही वाजवल्या. ‘दिसली की’ म्हणाले, हे बरं झालं.

ताई डोंगराकडच्या. आमचीच परीक्षा देऊन आमच्याच हुद्द्यावर आल्या. आम्ही सगळे ‘साहेब’ झालो, त्या ‘ताई’ राहिल्या. बडे पाहुणे येणार म्हटलं, की शिपाई त्यांची खुर्ची पाण्याच्या पिंपाशेजारून उचलून दर्शनी जागी आणायचा. “उठा ताई, देशाची एकता पुढे न्यायचीय!” फोटो निघाला की एकता परत पिंपाशेजारी. आणि निर्णयाच्या बैठकीला? तिथे म्हणे खोलीत जागा नसायची. बिस्किटांच्या बश्या तेवढ्या मावायच्या.

एकदा डोंगरातली एक म्हातारी आली. आमच्या कारकुनांनी तिला परत परत घालवली. काय बोलते तेच कळेना! ताईंनी पाणी दिलं, तिच्या बोलीत विचारलं, “मावशी, काय झालं गं?” झालं एवढंच होतं, की आमचा नवा रस्ता त्यांच्या झऱ्यावरून जाणार होता. रस्ता थोडा वळवा, असं ताईंनी लिहून दिलं. साहेब म्हणाले, “तुम्ही त्यांच्यातल्या, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.”

अहो, मग आणलं कशाला होतं त्यांना? आमच्यासारखं वाटून घ्यायला आम्ही काय थोडे होतो?

रस्ता झाला. झरा गेला. आता त्याच रस्त्याने तिथे टँकर जातो. याला आपल्या अहवालात विकास म्हणतात. मीच लिहितो तो अहवाल, म्हणून माहीत.

ताईंच्या जागी कोणी येणार नाही. पद रद्द झालंय. फोटो बहुधा पुरेसे जमले असावेत. आणि मघाशी हार घालता घालता साहेब ताईंच्या कानात जे बोलले, ते माईकने आम्हा सगळ्यांना ऐकवलं. “ताई, बाहेर तुमची माणसं आलीत. जाता जाता सांगून टाका, उद्यापासून हे टेबल बंद. आमचं बोलणं त्यांना कळत नाही.”

ताई, तुम्ही उठायला लागलात, तेही मी पाहिलं. बसा. आज खुर्ची मधोमध आहे, निवांत बसा.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर उदार मनाने पोटात घाला.

साहेब, दार तिकडे आहे. माणसं थांबलीत.