अंगठीच्या आतली अक्षरं

नाव: व्हर्ना हुकस्ट्रा. वय: ६३. व्यवसाय: पूर्वी शाळेच्या बसची ड्रायव्हर, सध्या निवृत्त. राहणार: डॉक स्ट्रीट, पाइन हार्बर, मिशिगन.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती लाइल गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने वारले. सरोवराच्या काठाने कमरेइतक्या पाण्यात मेटल डिटेक्टर फिरवून हरवलेल्या वस्तू शोधायचा मला नाद आहे. आम्हा नादिष्टांचा गावात एक क्लब आहे.

मागच्या उन्हाळ्यात होडी बांधताना लाइल यांच्या बोटातली लग्नाची अंगठी पाण्यात पडली. अंगठी मी घेतलेली होती. आत आमची दोघांची नावं मीच कोरून घेतली होती. अंगठी पडली त्याच्या आदल्या वर्षी, बोट सुजतं म्हणून, ते ती सोनाराकडून वाढवून घेऊन आले होते. गार पाण्यात बोटं आखडतात, त्यात अंगठी सैल, ती निसटली.

मी लगेच डिटेक्टर घेऊन उतरले. धक्क्याजवळ आवाज आला. सोनं आणि बिअरच्या डब्याची कडी, दोन्हींचा आवाज सारखाच येतो, म्हणून आमच्यात प्रत्येक आवाजाला फावडं घालतात. लाइल काठावरून म्हणाले, "अगं, डब्याची कडी असेल. चल घरी, भूक लागलीय. अंगठी नसली म्हणून काय नवरा पळून जातो का?" मी हसले आणि बाहेर आले. एरवी मी त्यांचं कधी ऐकत नसे, नेमकं तेव्हा ऐकलं.

या महिन्यात क्लबातले नॉर्बर्ट व्हान्स यांना त्याच जागी अंगठी सापडली. आमचा नियम असा की, आतली अक्षरं कोणाला दाखवायची नाहीत. मागायला येणाऱ्यानं ती शोधणाऱ्याच्या कानात सांगायची, जुळली तर अंगठी त्याची. भामटे यायला लागले तेव्हा हा नियम मीच करायला लावला होता.

मी गेले. होडीच्या इंजिनात अडकून अंगठीवर पडलेली खाच ओळखली. कानात दोन्ही नावं सांगितली.

"व्हर्ना, नाही गं जुळत."

"चष्मा लाव, मेल्या."

"लावलाय."

तेवढ्यात जोलीन प्रॅट आली. ती धक्क्यावरच्या खानावळीत वाढपी आहे. लाइल रोज सकाळी तिथे कॉफीला जात. तिने नॉर्बर्ट यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांनी माझ्याकडे न बघता अंगठी तिच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "ती माझ्या नवऱ्याची आहे." तर म्हणाले, "नियम तुझाच आहे, व्हर्ना. मी काय करू?"

जोलीन रडत होती. लाइल यांच्या अंत्यविधीलाही ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती. मला वाटलं, बाई मनाची हळवी आहे. मी तिला घरी नेऊन सूप पाजलं होतं.

विचारल्यावरून सांगते की, आत काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही. नॉर्बर्ट सांगत नाहीत. जोलीन दार उघडत नाही. चोरीची तक्रार दिल्याशिवाय पोलीस अंगठी हातात घेणार नाहीत, म्हणून तक्रार दिली.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, अंगठी मला नको. तिची तिला खुशाल देऊन टाका. फक्त त्याआधी आतली अक्षरं तेवढी मला वाचून दाखवा.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.