घास त्याच्या हातात द्या

माझं म्हायेर तिसगावकडचं, सासर हितं कोल्हारला. मालक गवंडीकाम करायचे, ते लवकर गेले, मंग मी अंगनवाडीत मदतनीस लागले. झाडायचं, खिचडी शिजवायची, पोरं गोळा करून आनायची. किती पोरं हाताखालून गेली ते म्या मोजलं न्हाई, पन येक सांगते तुम्हाला, पोराला खायला शिकवावं लागत न्हाई, मोठ्या मानसानं आपला हात आवरावा लागतो, आन त्योच कुनाला आवरत न्हाई.

हितं मळ्यात येक बागायतदाराचं घर हाय. घरात माईचं राज, माई म्हंजी सासू. सून पूजा, गरीब बिचारी. नातवाचं नाव शौर्य. नाव शौर्य, आन दीड वरसाचं झालं तरी भाताचं शीत हातात धरता येईना! त्याला भरवायला तिघं लागायची. आजा मोबाईल धरायचा, चुलता टाळ्या वाजवायचा, आन माई मिक्सरमदी वाटलेला लगदा चमच्यानं कोंबायची. लई शिकलेली मानसं बरं का! पोराचं ध्यान मोबाईलात, काय गिळतंय ते त्याला तरी कुठं ठावं. आमच्या काट्यावर वजन केलं तर तीन महिने झाले काटा हालंना. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, पोटात दोष न्हाई, पोराला चावू द्या, हातानं खाऊ द्या. माई म्हनली, डॉक्टरला काय कळतंय, त्यानं कधी पोरं वाढवलीत.

पूजा माझ्याकडं आली, म्हनली मावशी, तुमी घरी या ना. गेले. वसरीत गोनपाट आंथरलं, पोराला बसवलं, पुढ्यात मऊ वरनभात ठेवला आन मोबाईल आज्याच्या खिशात घालायला लावला. पोरानं आधी भोकाड पसरलं, मंग ताटली फेकली, मंग लई वेळानं सांडलेल्या भातात बोटं घातली आन तोंडात नेली. घास जरा मोठा झाला, ओकारी आली, डोळ्याला पानी आलं. झालं! माई धावली, मारलं गं माझ्या लेकराला, म्हनत त्याच्या तोंडात बोट घालाया लागली. म्या म्हनलं, अवो माई, त्यो खोकतोय, रडतोय, म्हंजी श्वास चालूय, बोट घालू नका. तर मलाच म्हनली, तुमच्या खिचडीवरची पोरं येगळी, आमचं पोर येगळं, नीघ हितनं. निघाले. आमच्या खिचडीवरची पोरं येगळीच हायती, त्यांच्या गालाला मांस हाय!

पन पूजा हटली न्हाई. रोज अकराला पोर कडंवर घिऊन अंगनवाडीत. सासूला सांगायची, लस द्यायला चाललेय. आता रोज कसली लस असती वो? पन माईला येक दिवस बी शंका आली न्हाई, यवढी हुशार बाई! शौर्य बसायचा, दुसऱ्या पोरांकडं बघायचा, खायचा काई न्हाई. आठ-दहा दिस असेच गेले. पूजा रडायची, भरवू का म्हनायची. म्या तिला भायेर बसवली. मंग येक दिस शेजारची पोरगी उकडलेलं अंडं खात हुती, ह्यानं हात घातला, तिच्या ताटलीतनं तुकडा उचलला आन खाल्ला. चावून चावून खाल्ला. ती पोरगी बोंबलली, पूजानं दारात तोंडाला पदर लावला, आन म्या उगंच भांडी घासाया गेले, माझे डोळे कुनाला दिसाया नकोत म्हनून.

पुढं येक दिस घरी माईनं चमचा पुढं केला, तर पोरानं तिचा हात ढकलला आन ताटलीत स्वताचा हात घातला. आता माई सगळ्या गावात सांगत फिरती, आमच्या खानदानात पोरं लवकरच हातानं खात्यात. माझ्या तोंडावर सांगितलं. म्या म्हनलं, व्हय माई, खानदानच तसं तुमचं.

आता त्यो तीन वरसाचा हाय, अंगनवाडीत येतो, निम्मं सांडतो, निम्मं खातो, आन वर मलाच म्हनतो, अजून वाढ. वाढते. देवानं त्याला भूक दिलीय, ती तशीच ऱ्हावू दे. घरच्यांना अक्कल दे, असं म्या देवाकडं मागत न्हाई, त्याला बी कशाला अवघड कामं सांगायची.