चाळीस मीटर

(संगणकाला यंत्रं जोडून देणाऱ्या बहीण-भावाचं दुकान. दुपार. टेबलावर एका चाचणीच्या कागदाची प्रत.)

ताई : "तार जिथे जायची तिथे नेऊन दिवसभर चालवून बघ, मगच सही कर." बाबा हे मला एकटीलाच सांगायचे का रे?

धाकटा : मलाही सांगायचे. पण इस्पितळाचं काम आलं तेव्हा आई आजारी, तू घरी तिच्या उशाशी, आणि काम कधी होणार म्हणून इस्पितळातून दिवसाला दहा फोन.

ताई : त्यांच्या औषधांच्या थंड खोलीला मी काय बसवायला सांगितलं होतं?

धाकटा : आरएस ४८५, लांबच्या तारेची जोडणी.

ताई : आणि तू बसवलंस २३२.

धाकटा : दोन्हीतून आकडेच जातात गं. तापमापकाला २३२चं तोंड होतंच. ४८५ करायचं तर मधे एकाचं दुसऱ्यात बदलून देणारा कन्व्हर्टर हवा, तो यायला आठवडा. यूएसबी ओढावी, तर ती पाच मीटरच्या पुढे धड चालत नाही.

ताई : २३२ तरी कुठे चालते? पंधरा मीटर, फार फार तर. तिथलं अंतर चाळीस.

धाकटा : वेग कमी ठेवला की जाते पुढे. पहिले दोन दिवस गेली होती.

ताई : ते दोन दिवस कॉम्प्रेसर बंद होता. २३२मध्ये एकच तार बोलते. शेजारी त्याची मोटर सुरू झाली की तिचं बोलणं बुडालंच. ४८५च्या दोन तारा पीळ घालून जोडीनं जातात. गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होतो. तू नववीत होतास, तेव्हा याच टेबलावर शिकवलंय तुला.

धाकटा : आठवतंय.

ताई : मग हा कागद बघ. तापमापकाची चाचणी मी इथे दुकानात बसून केली आणि तारेची लांबी लिहिली, ४ मीटर. इस्पितळाला दिलेल्या या प्रतीत ४० आहे. शून्य कोणाचं?

धाकटा : माझं.

ताई : शाईसुद्धा जुळवलीस.

धाकटा : कन्व्हर्टर आला की गुपचूप बदलणार होतो, ताई. शपथ.

ताई : काल तिथल्या इंजिनिअरनी सांगितलं, खोली एकोणीस अंशांवर गेली तरी पडद्यावर दिवसभर चारच. म्हणाले, नवा आकडा आला नाही की जुनाच दाखवायचा, असं तुमच्या भावानंच करून दिलंय. मी भांडले त्यांच्याशी. माझा भाऊ असलं करायचा नाही, म्हटलं.

धाकटा : पडदा सारखा कोरा व्हायचा. ते कटकट करायचे.

ताई : म्हणजे आकडे गळताहेत हे तुला दिसत होतं.

धाकटा : हो.

ताई : मला वाटलं, घाई झाली असेल. घाई मी पोटात घातली असती. रोज देवापुढे तुझं नाव माझ्याआधी घेते मी. आज सकाळीही घेतलं.

धाकटा : औषधं टाकून दिली ना त्यांनी? कोणाला दिली नाहीत. निभावलं म्हणायचं.

ताई : निभावलं त्या औषधं सांभाळणाऱ्या बाईंच्या जिवावर. पडद्यावर दिवसभर चार होते, म्हणजे यंत्रणा ठीक होती आणि शेवटी त्यांनीच दार उघडं टाकलं म्हणे. आज चार वाजता चौकशी, आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा काय, तर माझा हा कागद. वर तू लेखी कळवलंस, लाइन उत्तम आहे.

धाकटा : तुझं नाव जाऊ नये म्हणून.

ताई : माझ्यासाठी केलंस असं नको म्हणूस. तेवढं आज ऐकवणार नाही मला.

धाकटा : नोकरी गेली तर त्यांना दुसरी मिळेल गं. दुकान बसलं तर आपलं काय?

ताई : सकाळी फोन आला होता त्यांचा. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच विचारलं, मी दार लावलं होतं, तुमचा आकडा खोटं सांगू शकतो का? मी म्हटलं, येऊन सांगते.

धाकटा : माझं नाव घेशील?

ताई : सही माझी आहे, ती माझी म्हणून सांगेन. पुढचं विचारलं तर खोटं बोलणार नाही.

धाकटा : मी येऊ?

ताई : ते तुझं तू ठरव. मी बोलावणार नाही.

धाकटा : अजून अडीचच वाजलेत, ताई.

ताई : तिथे चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आत्ताच येऊन बसल्या असतील त्या. एकट्याच.