सांगाड्याचे सैल स्क्रू

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य शिमोमुरा, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे तारुमी सर, सरांच्या पत्नी, कन्या चिझुरू आणि बाह्यांवर तेलाचे डाग घेऊन आलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मला सरांचा गौरव करायला बोलावलंय. मी आधी कबुली देते. अकरा वर्षांपूर्वी मी, नुकागा, इथल्या रोबो संघाची कर्णधार होते आणि सरांना मी घरभेदी समजत होते.

आमचा रोबो न वळता कुठल्याही दिशेला सरकायचा. चारही चाकांच्या कडेला छोटे रोलर, त्यामुळे चाक पुढे फिरतं आणि आडवं घसरतंही. पण एक चाक जरी केसभर उचललं गेलं, तरी रोबो तिरका पळतो. स्पर्धा तोंडावर आली आणि रोज सकाळी मला सांगाड्याचे मधले स्क्रू सैल सापडू लागले. मी दातओठ खात ते आवळायची. कार्यशाळेची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे आणि सरांकडे. त्यात चिझुरू प्रतिस्पर्धी संघात! तुम्हीच सांगा, संशय कुणावर गेला असता?

मी स्क्रूंवर लाल रेघा ओढून ठेवल्या. सकाळी पाहते तर रेघा सरकलेल्या. सगळ्यांसमोर मी सरांना विचारलं, "लेकीला जिंकवायचंय का?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात आमच्या संघातला अबोल हिओकी पुढे आला.

"स्क्रू मी सैल करतो. किल्ली सरांकडून घेतो. मैदानाच्या फळ्या उंचसखल असतात, कॅप्टन. सांगाडा जरा मुरडला तरच चारही चाकं टेकतात."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"तीनदा बोललो. तिन्ही वेळा तू म्हणालीस, गप्प बस आणि आवळ."

सर हळूच म्हणाले, "तू त्याचं कधी ऐकतेस, याची वाट पाहत राहिलो. मीच सांगायला हवं होतं."

आम्ही सांगाड्याच्या मध्ये बिजागरी बसवली. रोबो सरळ धावला आणि आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो. सरांची माफी मी जिन्यात, कुणी नसताना मागितली. सर म्हणाले, "असू दे."

पण मागच्या महिन्यात सरांच्या पत्नींनी सांगितलं, की माझ्या त्या प्रश्नानंतर दोन वर्षं सर लेकीच्या एकाही सामन्याला गेले नाहीत. कुणाला पुन्हा शंका नको, म्हणून. चिझुरू प्रेक्षकांत बाबांना शोधायची.

आरोप चारचौघांत केला होता. म्हणून सर, चिझुरू, आज या भरल्या सभागृहात मी तुमच्यापुढे मान झुकवते. मला क्षमा करा.

अध्यक्षमहाशय, गौरवाच्या प्रसंगी स्वतःच्याच चुकीची कहाणी मांडली. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. सर्वांचे मनापासून आभार.