आज्यानं उचललेले दगड

आमच्या आज्याचं तुम्हाला कधी सांगितलंय का? हुपरीकडच्या माळावर पहिला नांगर त्यानंच घातला. त्याचा एक नेम होता. रानात आलेल्यानं जाताना एक दगड उचलून बांधावर टाकायचा. आमच्या अक्काला बघायला आलेल्या पावण्यांनीसुद्धा इस्त्रीच्या कपड्यांत दगड उचलले. आजा स्वतः रोज चार उचलायचा, अगदी डोळे अधू झाल्यावरही.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी तो रानातनं लवकर परत आला, "आज कायच घावलं न्हाय," म्हणत आडवा झाला, तो उठलाच नाही.

रक्षाविसर्जन रानातच केलं. निघताना माणसं नेमाप्रमाणं खाली वाकली, तर चार एकरांत कुणाला दगड घावंना.

मी काकीला, म्हणजे त्याच्या सुनेला, विचारलं, "मग आजा रोज उचलत होता ते कुठलं?"

"बांधावरचंच की. दगड संपून आठ वर्सं झाली. त्यास्नी कोण सांगणार? रोज सकाळी मीच चार आणून मामांच्या वाटंत टाकत हुतो."

मग पदर सावरत म्हणाली, "त्या दिवशी तेवढा मला ताप आलता."