कुंडी परत स्वीकारण्याबाबत

विषय : सेवानिवृत्त भांडार लिपिकाच्या ताब्यातील गव्हाची एक कुंडी संस्थेने परत स्वीकारण्याबाबत — वाचलंत ना ताई? मग कुंडीकडे असं काय बघताय, चावत नाही ती. आवक रजिस्टरात कुंडीला रकाना नाही म्हणता? ठाऊक आहे, ते रजिस्टर मीच आखलंय — एकतीस वर्षं याच खिडकीत बसून. ज्याला रकाना नाही ते आत घ्यायचं नाही, हा नियमही माझाच. फार अभिमान होता हो. तुमच्या संशोधक बाई गव्हाचं हेच सांगायच्या — गव्हाच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, दिसायला सारखेच; पण परागकण घडताना जोडी जमवायची ती आपापल्या संचातच, त्यासाठी एक जनुक पहाऱ्याला बसलेलं. 'तुमच्यासारखं,' म्हणायच्या आणि हसायच्या. मला ते कौतुक वाटायचं! त्या पहाऱ्यामुळे गहू टिकला, खरं आहे, पण रानगवताचा एखादा चांगला गुण, रोग न लागण्याचा म्हणा, घ्यायचा तर तोही दारातूनच परत. मग बाईंनी पहारेकरीच हटवला, रानगवताशी संकर केला, आणि सात वर्षांनी हाती आले किती? अकरा दाणे. सुरकुतलेले.

पुढे काय? पुढे माझी निवृत्ती. भांडार सोपवायचं म्हणून साफसफाई काढली. नमुना किमान शंभर दाण्यांचा, टपोरा — हाही नियम माझाच — त्यात बाईंचं पाकीट बसेना. मारला लाल शाईने शेरा आणि टाकलं खिशात, घरी चिमण्यांना होतील म्हणून. हो हो, तेच पाकीट, घ्या — वर बाईंचा क्रमांक, खाली माझं अक्षर : 'निरुपयोगी'. सही झोकदार आहे, नाही? बाईंनी मग सगळं भांडार पालथं घातलं. मीही शोधलं त्यांच्याबरोबर, टॉर्च घेऊन, कपाटांखाली — त्या हेच पाकीट शोधताहेत हे मला कधी कळलं म्हणता? पहिल्याच दिवशी. बोललो नाही. निरोप समारंभ चार दिवसांवर होता ना... हे लिहू नका. बरं, लिहा.

चिमण्यांनीही ते दाणे नाकारले हो. बायकोने कुंडीत खोचले, उगवला एकच. शेजारच्या कुंडीत साधा गहू, त्याला तांबेरा — पानाला हात लावला की बोटं तांबडी — आणि ह्याच्यावर ठिपका नाही! सोमवारी समिती बाईंचं काम बंद करायला बसतेय, म्हणून ही घाई. रकाना नसेल तर पट्टी घ्या, मी आखून — काय? मागे कोण?

अहो बाई, नमस्कार. हो, मीच. पाकीट... होय, अक्षरही माझंच. मी तेव्हाच सांगायला — अहो, कुंडी जपून! नोंद व्हायचीय अजून — अहो बाई!

गेल्या. कुंडी छातीशी धरून, पळत. रागावल्या असणार, हक्कच आहे त्यांचा — काय म्हणता? हसत होत्या? नक्की?

ते शेऱ्यात घेऊ नका. लिहा : कुंडी विनानोंद आत गेली. अर्ज प्रलंबित.