फुलाफुलांचा स्कार्फ

शीळफाट्यावर स्कार्फवाली दिसली की मी मान का झुकवतो, विचारत होतास ना? ऐक.

मे महिना, भरदुपार. मी बाइकवर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. हेल्मेट तापलं म्हणून काढून ठेवलं, हा शहाणपणा माझाच. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी स्कूटीवर एक बाई. स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे. नखसुद्धा दिसत नव्हतं.

"अहो दादा, गाडी बाजूला घ्या!" ती ओरडलीच. टपरीच्या सावलीत बसवून तिने मला स्वतःच्या बाटलीतलं लिंबूसरबत पाजलं. मला हुशारी आल्यावर डिकीतून दुसरा स्कार्फ काढून माझ्या डोक्यातोंडाला गच्च बांधला.

"ताई, हा फुलाफुलांचा आहे."

"उन्हाला चालतो. तुम्हाला काय झालं?"

आणि गेलीसुद्धा.

डोंबिवलीला घरी पोचलो, तर बायकोने दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" सगळं ऐकल्यावर म्हणाली, "देवासारखी भेटली रे. दिसायला कशी होती?"

"गॉगल काळा होता."

तेव्हापासून दिसेल त्या स्कार्फवालीला मान झुकवतो. आभार चुकीच्या बाईला गेले तर जाऊ देत, पण तिचे राहायला नकोत.